ताईने गिटार खाली ठेवली

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ताई कित्येक वर्षं करत होती आणि गिटार त्याच्याही आधीपासून वाजवत होती. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या तळमजल्यावर त्यांच्या घरच्याच मंडळींचा कार्यक्रम असायचा. धाकटा भाऊ गायचा, भावजय कीबोर्ड सांभाळायची आणि सगळ्यांना सांभाळायची ती ताईची गिटार. निदान ताईचा तसा समज होता. भाऊ एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून हॉटेलातले वेटरही तिला ताईच म्हणत.

मग भावाची मुलगी, म्हणजे ताईची भाची, हाताशी आली. तिला गिटार ताईनेच शिकवली होती, आणि पोरगी मनापासून शिकली होती. ती शनिवारी सोबत वाजवायला लागली तेव्हा ताईचा ऊर भरून आला. पण एकीने दुसरीला शिकवलेलं असल्यामुळे दोघी अगदी एकाच तऱ्हेने वाजवायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं गिटार एकच आहे, फक्त अंगाने जरा सुटली आहे.

हे सगळ्यांना कळत होतं, बोलायला कोणी धजत नव्हतं. भावाने दोनदा "ताई, मी काय म्हणतो" अशी सुरुवात केली आणि गाडी माइकच्या वायरवर नेली. शेवटी एका दुपारी भांडी पुसता पुसता भावजयच म्हणाली, "ताई, दोन गिटारी जास्त होतायत."

भाची मान खाली घालून नखं बघत बसली. ताईला लागलं. पण शिकवलेल्या पोरीला मागे सारायचं तिच्या मनातही आलं नाही. "मग मी मॅन्डोलिन घेते," ती म्हणाली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक जुनं मॅन्डोलिन टांगलेलं होतं. गिटारच्या तारा आणायला गेली की ती ते उगीच हातात घेऊन बघायची. इतकी वर्षं गिटार वाजवल्यावर हे एवढंसं वाद्य काय अवघड जाणार, असं तिला वाटलं.

आठवड्याभरात तिचा तोरा उतरला. गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा ज्या क्रमाने लागतात, नेमक्या त्याच्या उलट क्रमाने मॅन्डोलिनच्या लागतात. त्यामुळे ओळखीची कॉर्ड धरायला बोटं आपसूक जायची आणि भलतंच काहीतरी वाजायचं. त्यात प्रत्येक तार दुहेरी. जोडीतल्या दोघी तंतोतंत एका सुरात लागल्या पाहिजेत, आणि एक जोडी जुळवावी तर दुसरी रुसलेली असायची. मान इतकी अरुंद की बोटं एकमेकांच्या पायावर पाय देत. सगळ्यात वाईट म्हणजे सूर टिकत नसे. गिटारवर एकदा छेडलं की सूर आपला रेंगाळतो. इथे वाजला न वाजला तोच विरून जायचा, आणि तो लांबवायचा तर मनगट सैल सोडून तारेवर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, भराभर थरथरवत राहावी लागायची. ताईचं मनगट गिटारच्या दणक्यांनी घडलेलं होतं. ते सैल सुटेना.

कोणाला विचारणं तिला जड गेलं. कामावरून आल्यावर ती दार लावून बसायची. लवकरच तिने स्वतःपुरता मार्ग काढला. सूर टिकत नाही ना, मग मध्ये जागाच ठेवायची नाही, सलग वाजवत राहायचं.

तशी ती एका शनिवारी वाजवायला बसली. तिसऱ्या गाण्यात भाऊ दुसऱ्या कडव्याशी आला आणि थांबला. शब्द विसरला नव्हता. माइक हातात धरून तो नुसता ताईकडे बघत राहिला. भावजयीने कीबोर्डवर काहीबाही वाजवून गाणं आटोपतं घेतलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, जेवणाऱ्यांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ एकटाच तिच्या घरी आला. तिने चहा टाकला. मॅन्डोलिन अजून नीट बसलेलं नाही, थोडा वेळ द्या, असं ती ओट्याकडे तोंड करूनच सांगू लागली. त्याने ऐकून घेतलं.

"मॅन्डोलिनचं नाही गं," तो म्हणाला. "तू मला श्वास घेऊ देत नाहीस. कालच नाही. पहिल्यापासून."

ताईने गॅस बंद केला.

मग तो सावकाश बोलत गेला. शाळेत असताना एका कार्यक्रमात तो गाताना घाबरून गप्प झाला होता. तेव्हा ताईने जोरजोरात गिटार वाजवून वेळ मारून नेली होती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवसापासून तो जरा कुठे थांबला की तिची गिटार पुढे सरसावायची. त्याला ओळीच्या मध्ये थांबायला आवडायचं, शब्द थोडा धरून ठेवावासा वाटायचा. पण गिटार थांबत नसे, म्हणून तो तिच्यामागे धावत गायला शिकला. बहिणीने आपल्याला वाचवलं होतं, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"इतकी वर्षं?" ताईने विचारलं.

"तू काळजीनेच करत होतीस ना."

तो निघून गेला. आपण भावाला उचलून धरलंय या समजुतीवर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. तिला आधी राग आला, मग लाज वाटली. मग भावाने गायलेली गाणी ती मनातल्या मनात आठवू लागली, तर प्रत्येक गाण्यात तिला आधी ऐकू आली ती स्वतःचीच गिटार.

पुढचे काही शनिवार ती गेली नाही. तालमीला मात्र जायची. मॅन्डोलिन मांडीवर घेऊन नुसती ऐकायची. वाजवावंसं वाटलं तरी येत कुठे होतं? गिटार हातात असती तर बोटं केव्हाच धावली असती. इथे एक सूर शोधेपर्यंत भावाची अर्धी ओळ गाऊन झालेली असायची. त्या नाइलाजाने का होईना, तिला त्याचं थांबणं दिसायला लागलं. तो शब्द तोडत नव्हता, हलकेच खाली ठेवत होता. भाचीला ते आधीच ठाऊक असावं, कारण ती तिथे हात अलगद उचलायची. हे काही ताईने तिला शिकवलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं गं?" तिने विचारलं.

"बाबा आंघोळ करताना असंच गातात," भाची म्हणाली.

ताई इतकी हसली की पिक सटकून कोचाखाली गेली.

हळूहळू ती वाजवू लागली. आधी ठेक्याला एखादा कोरडा ठोका, मग ओळ संपल्यावर दोन-तीन सूर. मनगट एके दिवशी तिच्या नकळत सुटलं. ती परत शनिवारी बसू लागली तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरने कुरकुर केली की गाणी फार संथ झालीत, लोक पेंगतील. भावजयीने त्याला गोड बोलून गुंडाळलं. काही नेहमीची माणसं यायची बंद झाली, काही जेवण झाल्यावरही बसून राहू लागली.

एका संध्याकाळी भाऊ कामावरून परस्पर तिच्याकडे आला, हाताला अजून ग्रीस होतं. काहीतरी ऐकवायचंय म्हणाला. लग्नाच्याही आधी त्याने एक चाल बांधली होती. बायकोलासुद्धा कधी ऐकवली नव्हती. फारच संथ आहे, आपल्यात बसणार नाही, असं धरून चालला होता.

तो खिडकीपाशी उभा राहून गायला. मध्ये एका ठिकाणी इतका थांबला की खालच्या रस्त्यावरून सायकल गेलेली ऐकू आली. ताईने बोटसुद्धा हलवलं नाही. गाणं संपल्यावर तिने मॅन्डोलिन जवळ ओढलं आणि पहिला सूर शोधू लागली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडला.

"परत म्हण," ती म्हणाली, "मला पहिली ओळ नीट ऐकू दे."