कठड्यावरचे दोन कॅन

तिने शिडाच्या दोराचं टोक हातात घेतलं आणि ती थबकली. सकाळी आपली पाळी संपवताना मारलेली गाठ ही नव्हती. तिची सोडून त्याच जागी दुसरी मारलेली होती.

“पुन्हा सोडलीस?”

सुकाणूपाशी बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही. “नीट करून ठेवली.”

“म्हणजे माझी वाकडी होती?”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. उभी हयात तिने हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती. तिने बांधलेलं बँडेज डॉक्टरसुद्धा पुन्हा उघडून बघत नसत. आणि हा घड्याळजी, ज्याच्या म्हातारपणीच्या हौसेपायी ती समुद्रात हेलकावे खात होती, तो तिची प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधत होता. शिडाचा दोर, बादलीचा दोर, तिच्या कमरेच्या पट्ट्यापासून डोलकाठीपर्यंत गेलेला दोरसुद्धा. चारी बाजूंना पाणीच पाणी. भांडून माहेरी जायचीही सोय नाही.

“मी इथे कोण आहे रे? पाहुणी? यापुढे माझ्या गाठीला हात लावायचा नाही.”

“बरं.”

“बरं नाही. लावणार नाही म्हण.”

“नाही लावणार.”

त्यानंतर दोघांनी मिठाची गुळणी धरली. होडीवर एक जागा असला की दुसरा झोपतो, त्यामुळे अबोला धरायला फार कष्ट पडत नाहीत. पाळी बदलताना तो वाऱ्याची दिशा सांगे आणि ती उत्तरादाखल चहाचा मग त्याच्यापुढे आपटे. उन्हासाठी म्हणून तो दिवसभर हातमोजे घालून बसायचा. सुरुवातीला त्यावरून ती त्याला नवरदेव म्हणून चिडवायची. आता तेही बंद झालं.

पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन कठड्याला बांधलेले असत. एक तो बांधायचा, एक ती. एका दुपारी तिने आपल्या कॅनमधून पाणी काढलं, कॅन जागेवर ठेवला, दोराला नुसते दोन वेढे दिले आणि तसाच सोडला. मुद्दाम. जित्याची खोड, पाळीवर आल्याबरोबर बांधायला धावेलच, मग रंगेहाथ पकडते त्याला, असं मनाशी म्हणत ती आत जाऊन आडवी झाली. बऱ्याच दिवसांनी तिला छान झोप लागली.

लाटेच्या दणक्याने ती जागी झाली. धडपडत वर आली तर कठड्याची एक बाजू रिकामी होती. मागे, लांब, पांढरा कॅन एकदा वर आला आणि मग दिसेनासा झाला.

“दोर सुटा होता, दिसलं नाही तुला?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“हात लावायचा नाही असं ठरलं होतं.”

“पिण्याचं पाणी गेलं डोळ्यांदेखत, आणि तू दिलेला शब्द पाळत बसलास?”

आवाज जितका चढत होता तितकं तिला कळत होतं की चूक आपली आहे, आणि त्यामुळे तो आणखीच चढत होता. आता होडीच्या टाकीत होतं तेवढं आणि हा उरलेला कॅन, एवढ्यावर किनारा गाठायचा होता. तो तरी जागेवर राहू दे म्हणून तिने त्याची गाठ रागाने ओढली.

गाठ सरळ तिच्या हातात आली.

तिने बादलीचा दोर ओढला. तीही सुटली. मग ती डोलकाठीपाशी गेली आणि स्वतःच्या पट्ट्याच्या दोराचं तिकडचं टोक ओढलं. ते त्याने नीट करून ठेवलेलं होतं. तेही सुटलं. सुटलेलं टोक हातात धरून ती त्याच्याकडे वळली.

“मोजे काढ.”

“कशाला?”

“काढ म्हणते ना!”

त्याला ते काढता येईनात. शेवटी तिनेच ओढून काढले. बोटांचे सांधे सुजून टम्म झाले होते. मूठ अर्ध्यावरच थांबत होती. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरणारे हे हात. आयुष्यभर पेशंटचे हात बघत आलेल्या तिने हेच तेवढे बघितले नव्हते.

“कधीपासून?”

“निघालो तेव्हापासून. थोडं थोडं.”

“आणि माझ्या गाठी?”

“तुझ्या घट्ट असतात. एखादी सोडून बांधता आली की वाटायचं, अजून जमतंय.”

“अरे मग सांगायला तोंडाला काय कुलूप घातलं होतं?”

“तू परत फिरायला लावलं असतंस.”

“लावलंच असतं!”

वारा वाढत होता. तिने कॅन आवळून बांधला. मग तोंडाने त्याचा उद्धार करत एकेक दोर धरला, त्याची गाठ सोडली, आपली मारली. शेवटी ती त्याच्या कमरेच्या पट्ट्याशी आली. तिथलीही सैलच होती. तिने ती सोडली आणि दात-ओठ खात नवी आवळली.

सवयीने त्याचा हात गाठीकडे गेला आणि मध्येच थांबला.

“आता का थांबलास?” ती खेकसली. “ओढून बघ.”