चौकटीत न मावलेले हात

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, एका मासेमारीच्या गावात, कोर्टाच्या तळघरात पडून असतो. माझ्यावर कधी फुटबॉलचा सामना लागला नाही की कार्टून लागलं नाही. मी पडलो कोर्टाचा टीव्ही! माझ्यात फक्त लहान मुलं दिसायची, आणि तीही भेदरलेली.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! न्यायाधीश स्वतः मला बघायला आले होते. "चला, आता पोरांना आरोपीसमोर उभं राहायला नको," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. मूल शेजारच्या छोट्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि ज्यूरीला ते माझ्यात दिसायचं. ज्यूरी म्हणजे गावातलीच पंधरा साधी माणसं. कुणी मासे विकणारा, कुणी पाव भाजणारी. आरोप खरा की नाही, हे तीच ठरवायची. आपण केवढं पुण्याचं काम करतोय, असं मला वाटायचं.

कोर्टात जागेची बोंब. म्हणून काम झालं की शिपाई टॅविश मला ढकलत ज्यूरीच्याच खोलीत नेऊन कोपऱ्यात उभा करायचा आणि अंगावर चादर टाकायचा. चादरीखालचा टीव्ही सगळं ऐकतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

एकदा एका मुलाने मला नको म्हटलं आणि थेट कोर्टात उभं राहून साक्ष दिली. दुकानाला आग लावणारा म्हणून त्याने एका तरुणाकडे बोट दाखवलं आणि हमसून हमसून रडला. ज्यूरीतल्या लोकांनी डोळे पुसले, चहा निवायच्या आत निकाल ठरवला. पुढे कळलं की आग भलत्यानेच लावली होती. मुलगा खोटं बोलला नव्हता बिचारा, ओळखायला चुकला होता. पण त्याचे अश्रू बघून कुणाला साधी शंकासुद्धा आली नाही.

आणि मग आली ऐल्सा.

ऐल्सा नऊ वर्षांची. तिच्या आईबरोबर राहणाऱ्या ड्रमंडने तिच्या धाकट्या भावाला, रोरीला, जिन्यावरून फेकलं होतं. रोरीचा हात मोडला. पोरगं पाय घसरून पडलं, असं ड्रमंडचं म्हणणं, आणि आईनेही तीच री ओढली. पाहिलं होतं ते एकट्या ऐल्साने. निकाल लागेपर्यंत दोन्ही मुलं आजीकडे होती. ड्रमंड सुटला तर त्यांना पुन्हा त्याच घरात जायचं होतं.

साक्षीच्या दिवशी सकाळी टॅविशने मला चालू करून पाहिलं. कॅमेरा जरा लांब होता, त्यामुळे ऐल्सा मला अख्खी दिसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन्ही हातांनी ती स्कर्टची कड अशी पिळत होती की बोटं पांढरीफटक पडली होती. आजी तिच्याजवळ वाकून सांगत होती, "रडायचं नाही हं, बाळा. रडलीस की तुझं बोलणं कुणाला समजत नाही. सावकाश, स्पष्ट बोल. आपल्या रोरीसाठी."

"अरे देवा, एवढीशी तर आहे!" टॅविश पुटपुटला. मग त्याने फोनवरून पलीकडच्या खोलीत सांगितलं, "कॅमेरा पुढे घ्या हो, तोंड नीट दिसू दे."

कॅमेरा पुढे आला. पाय गेले, हात गेले. माझ्या काचेवर उरलं नुसतं तोंड.

ऐल्सा छान बोलली. "त्याने रोरीला उचललं आणि खाली टाकलं." ड्रमंडच्या वकिलाने तेच तेच फिरवून विचारलं, तिने तेच उत्तर दिलं. मुलीची साक्ष टीव्हीवरून झाली म्हणून तिला कमी लेखू नका, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि ज्यूरीच्या खोलीत आल्याबरोबर मासळीवाला मॅग्नस म्हणाला, "पोपटासारखी बोलली की हो! डोळ्यांत टिपूस नाही."

"घाबरली असेल रे ती," बेकरीवाली इफी म्हणाली.

"घाबरलेली पोरं अशी असतात होय? माझी नात उंदीर दिसला तरी घर डोक्यावर घेते."

"समोर असती तर कळलं असतं," एक निवृत्त मास्तर म्हणाले. "त्या टीव्हीवर सगळं बातम्यांसारखंच वाटतं."

"आजीने पढवून पाठवलीय, दुसरं काय!"

"आणि खरं असलं तर?" इफीचा आवाज चढला. "ते पोरगं परत त्याच जिन्यावर जाईल, मॅग्नस!"

"मग काय करू? नुसत्या शंकेवर माणसाला तुरुंगात धाडू?"

मॅग्नस वाईट माणूस नव्हता हो. घाम पुसत होता, त्यालाही झोप लागणार नव्हती. मी चादरीखाली नुसता तडफडत होतो. अहो, तिचे हात बघा! स्कर्ट पिळत होती ती! पण दुसऱ्याने आवाज घातल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दोषी ठरवायला आठ मतं लागत होती. सातच हात वर झाले.

संध्याकाळी टॅविश मला बाहेर घेऊन आला. बाकावर आजी रोरीचा कोट मांडीवर धरून बसली होती. शेजारी ऐल्सा आणि रोरी.

"काका, मी नीट बोलले ना?" तिने टॅविशला विचारलं.

"एकदम नीट बोललीस गं, बाळा."

"मग रडायला हवं होतं का?"

टॅविशने माझी चादर उगाच सारखी केली. बाहेर ड्रमंडच्या गाडीचा हॉर्न वाजला. ऐल्साने रोरीचा चांगला हात धरला आणि ती त्याला घेऊन निघाली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. एखाद दिवशी एखादं मूल तुम्हाला काही सांगायला येईल. रडतंय म्हणून लगेच खरं मानू नका आणि रडत नाही म्हणून खोटं ठरवू नका. जवळ बसा, त्याला आणखी विचारा, घाई करू नका. एवढं माझ्यासाठी कराल? मला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही.