मानेतून निघालेल्या सात ट्रंका

"हे कुणी मानणार नाही, तूही मानणार नाहीस," मी निकिताला म्हणालो, "पण त्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेतून सात ट्रंका बाहेर काढल्या."

निकिता माझी मुलगी. पुण्याहून गाडी घेऊन आली होती, आईला कायमची न्यायला. सिंधुबाईची, माझ्या बायकोची, उजवी बाजू तीन वर्षांपूर्वी लकव्यानं गेली. तेव्हापासून तिला खाटेवरून उचलणं, न्हाणीत नेणं, परत आणून निजवणं, सगळं माझ्याकडे. आणि आता माझीच मान गेली होती. निकिताच्या घरात आईपुरती जागा होती. माझ्यापुरती नाही, असं काही ती बोलली नव्हती. पण दाराशी दोनच बॅगा होत्या आणि दोन्हींत साड्या.

तेव्हा मला एवढंच पटवायचं होतं, की मान बरी झाली. मान बरी तर सिंधुबाई इथंच.

खुर्ची मी फार विचार करून मांडली होती. पाठ भिंतीला, निकिता बरोब्बर समोर. डाव्या अंगाला सिंधुबाईची खाट, उशी भिंतीकडे. तिचा डोळा लागला होता, असं मला वाटलं.

"कसल्या ट्रंका, तात्या?" निकितानं माझ्या हातात चहाचा कप दिला.

"एक्केचाळीस वर्षं नाशिक रोड स्टेशनावर डोक्यावर ओझी वाहिली, ती गेली कुठं? आतच मुरली. देवळाली कॅम्पात माहेनूर मॅडम हायत. गोळी नाय, सुई नाय, नुसत्या हातानं इलाज. ऑस्टिओपॅथी म्हणतात. मला उताणं निजवलं, उशाशी बसल्या आणि माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गप! मी म्हटलं, बाई झोपल्या की काय. तर म्हणतात, 'काका, डोकं सोडा. अजून तुम्हीच धरून ठेवलंय.'"

हे मात्र खरं होतं. जन्मभर दुसऱ्यांचं सामान डोक्यावर धरलं. माझं डोकं कुणी हातात धरायची ती पहिलीच वेळ. सोडायचं कसं तेच मला कळेना.

"मग सोडलं. कवटीखाली त्यांची बोटं गेली आणि पहिली ट्रंक निघाली. काळी, लष्करी, त्र्याऐंशी सालची. वरचं नाव मॅडमनी वाचून दाखवलं. अशा सात. मग द्राक्षाच्या पेट्या. मग ते लोखंडी कपाट, ज्यात नवरीची आजी झोपून गेली होती..."

"तात्या! मागच्या वेळी त्या कपाटात बोकड होता."

"बोकड आजीच्या मांडीवर होता. मध्येच बोलू नको. बाहेर पेशंटला बसायला खुर्च्या कमी, तर माझ्याच ट्रंकांवर बसवले सगळे!"

ती हसली. लहानपणी याच गोष्टींपायी तिची शाळेची घंटा चुकायची. बॅगेच्या पट्ट्यावरचा तिचा हात सुटला.

पुढचं मी तिला सांगितलं नाही. मॅडमनी माझं डोकं हळूच खाली ठेवलं, दोन्ही हातांची पकड तपासली आणि म्हणाल्या, "काका, बोटांना मुंग्या येतात, हातातली ताकद कमी झालीय. हे माझ्या हातांचं काम नाही. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा, तोवर मी मानेला हात लावणार नाही. आणि उचलायचं काही नाही. बादलीसुद्धा नाही." त्यांनी दिलेली चिठ्ठी मी घडी करून, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची ती माझी जुनी चुंबळ खिळ्याला टांगलीय, तिच्यात खोचली. तिथं कोण बघतंय.

"मग आता दुखत नाही?"

"दुखायला आत उरलंय काय? डोकं इतकं हलकं झालंय की पंख्याखाली बसायची भीती वाटते."

"आणि आईला उचलाल?"

"दोघींना उचलतो. तू एका खांद्यावर, ती एका."

निकितानं एक बॅग पायानं आत सरकवली. मी घोटभर चहा प्यालो. जमलं होतं.

"अहो," खाटेवरून सिंधुबाई म्हणाली. तिचे शब्द हल्ली तोंडात घोळून, जड होऊन येतात. "इकडं बघा."

"बघतो की. गोष्ट तर संपू दे."

"आत्ता बघा. खुर्ची न हलवता."

मी डोळे वळवले. गोधडी दिसली, तिची पावलं दिसली. तोंड आणखी हातभर मागं, भिंतीकडे राहिलं. मी मान रेटली. खांद्यातून बोटांपर्यंत वीज गेली आणि कप सुटून मांडीवर पडला.

निकिताचं हसू गेलं.

"चहा लय गरम होता," मी म्हणालो.

"खोटं," सिंधुबाई म्हणाली. "सगळं खोटं सांगतायत गं. सोमवारी न्हाणीत पाडलं मला. शेजारचे येईस्तोवर दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. ने मला."