उपासाच्या डब्यात आयोडीन

आमचे जीवरसायनशास्त्राचे सुमंत सर दर चतुर्थीला उपास करतात, म्हणजे डबाभर साबुदाण्याची उसळ चापतात. परवाच्या चतुर्थीला प्रयोगशाळेत उसळ खाता खाताच ते आम्हाला सुनावत होते, "पोळी-भात सोडा. त्यातल्या स्टार्चची पोटात शेवटी साखरच होते. माझ्यासारखे उपास करा."

माझं डोकंच सणकलं. मी ड्रॉपर उचलला आणि त्यांच्या डब्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले. स्टार्च असला की आयोडीन निळंकाळं होतं, हे त्यांनीच शिकवलेलं. उसळ क्षणात निळीकाळी झाली.

"सर, हा तर निव्वळ स्टार्च आहे."

सरांनी डबा झटकन मागे ओढला. मग कडाडले, "काहून टाकलं वं भैरवी? आयोडीन उपासाले चालते का?"