वाफेची खोली

लेकीच्या, शोकोच्या कपाळावर फोड दिसले तेव्हा याओत्लने ते लगेच ओळखले. समुद्रापलीकडून जहाजांतून आलेले दाढीवाले परके शिपाई गावातून गेले आणि मागोमाग हा रोग आला. त्यातच त्याची बायको गेली होती.

अंगणातली वाफ घ्यायची मातीची खोली तापवायला सासूने बाहेरच्या चुलीत जाळ केला होता. ताप आला की वाफ द्यायची, हा सगळ्यांचा जुना उपाय.

"आणा पोरीला, जावईबापू. खोली तापली."

"नको, सासूबाई. हिच्या आईबरोबर आत बसलेल्या साऱ्या बायका गेल्या."

"म्हणजे माझ्या लेकीला मीच मारलं? शेजारीण तर वाफेला न बसताच गेली की! बायको गेली तशी अक्कलही गेली का?"

म्हातारीचं खरं असेल तर पोरीचा जीव तोच घेत होता.

"बाबा, थंडी वाजते. वाफेला न्या ना," शोको म्हणाली.

त्याने तिला उचलून खोलीपाशी नेलं. आतली गरम हवा तोंडावर आली आणि तो उंबऱ्यावरच थांबला. तसाच मागे वळून त्याने तिला घरात चटईवर निजवलं, आपली चादर तिच्यावर घातली आणि दार अडवून बसला.

सासू रडत शिव्या देत राहिली. आपलं बरोबर आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं, पण तो उठला नाही.