चिनी काढ्याची तब्येत

मांडवीतले अयूब मुकादम जन्माचे हडकुळे. शेरवानी घातली की ती खुंटीला टांगल्यासारखी दिसे. बोलायची मात्र त्यांना भारी हौस. जमातीच्या बैठकीत ते धक्क्याच्या डागडुजीवर तळमळून बोलत आणि लोक त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना विड्या देत. त्याच बैठकीत मजीद होडेकर पोटावर हात ठेवून नुसते खाकरले तरी सगळे गप्प. अयूबना वाटे, अल्लाने आपल्याला अक्कल दिली, पण ती ठेवायला भांडं दिलं नाही.

त्यांचा मुलगा गनी बोटीवर खानसामा होता. बापाचा खोकला हटत नव्हता, म्हणून त्याने हाँगकाँगहून एक मोठी बरणी आणली. आत काकवीसारखं काळं, दाट काहीतरी.

"बाबा, हा काढा बोटाच्या टोकाला लागेल एवढाच घ्यायचा, कोमट पाण्यातून. खोकला बसला की बंद."

"कसला हाय?"

"कुठल्याशा मुळाचा काढा आटवलेला. घसा, पोट, थकवा, सगळ्यावर देतात. चिनी वैदू म्हणाला, दुसऱ्या काढ्यांतसुद्धा हे मूळ टाकतात. मग बाकीची औषधं आपसात भांडत नाहीत."

"म्हणजे औषधांचा सदरच की, बैठकीचा अध्यक्ष!" अयूबचे डोळे चमकले.

खोकला लवकरच गेला. गनीही बोटीवर गेला. मग अयूबनी हिशेब मांडला: बोटभर औषधाने खोकला जातो, तर चमचाभराने काय काय होईल? चमच्यावरून ते डावावर आले. चहातसुद्धा साखरेऐवजी चिनी काढाच.

आणि काय आश्चर्य, अंग भरू लागलं! गाल वर आले, बोटं केळ्यांसारखी झाली. धोंडू न्हावी म्हणाला, "अयूबभाय, आता वस्तरा गालाला लागतो. आधी हाडालाच लागायचा."

बायको हफीजा तेवढी खूश नव्हती. "अवो, सकाळी तुमच्या पायांत चपला शिरत नाय. ही कसली तब्येत?"

"तुझ्या माहेरी कुणी तब्येत बघितली असती तर तुला कळली असती."

डोकं ठणकायचं, चढावर धाप लागायची, म्हणून ते सावकाश चालत. लोक त्याला रुबाब म्हणू लागले. बैठकीत दम पुरेना, म्हणून एकच वाक्य बोलून ते थांबले, तर सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी वर्षं तळमळून जे साधलं नव्हतं, ते धापेने साधलं. जमातीने अयूबना सदर केलं. हार खुद्द मजीदनी घातला.

काही दिवसांनी भर धक्क्यावर सदरसाहेबांना भोवळ आली. चौघांनी उचलून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

"मुकादम, हे मांस नाही, पाणी साठलंय. रक्तदाबही चढलाय. औषध काय घेता?"

हफीजाने बरणी आणून दिली. डॉक्टरांनी जिभेवर थेंब ठेवला. "अहो, हे तर ज्येष्ठमध!"

आजारापेक्षा हेच अयूबना जास्त लागलं. "डॉक्टर, हाँगकाँगचं हाय ते!"

"असू दे. खोकल्याला चांगलंच आहे. पण डावाने प्यालात तर अंगात मीठ-पाणी कोंडून ठेवतं. जिवावर बेतलं होतं तुमच्या."

काढा बंद झाला, हळूहळू पाणी उतरलं, शेरवानी पुन्हा लोंबू लागली. दम परत आला आणि दुर्दैवाने भाषणंही परत आली. मांडवीत एकच बोलणं: "काय तब्येत बनवली होती चिन्याने! डॉक्टरने घालवली." रोगट सदर जमातीला शोभत नाही, म्हणून मजीदना नेमलं. अयूबच्या डोक्यावरून विड्या पुन्हा जाऊ लागल्या.

उरलेली बरणी मजीदच्या बायकोने, नसीमाने, मागून नेली होती. "बोटभरच हां," असं हफीजाने तिला बजावलं होतं. पण बोटभर घेतील तर ते मजीद कसले? एका बैठकीत ते अंग तिरकं करून दारातून आत आले, गाल टम्म, पावलांवर चपलांच्या पट्ट्यांचे खोल वळ. अयूबना आधी गुदगुल्या झाल्या. मग त्यांना आपली भोवळ आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

"मजीदभाय, तो काढा सोडा. ही सूज हाय."

"जळू नकोस, अयूब. चिनी औषध सगळ्यांना सोसत नाय."

लोक हसले. अयूब खाली वाकले आणि मजीदच्या नडगीवर त्यांनी अंगठा रोवला. खड्डा पडला. सगळ्यांनी माना लांब करून तो पाहिला.

"बघा आता!" अयूब म्हणाले.

मजीदनी खड्ड्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघितलंत? अंग कसं लोण्यासारखं झालंय!"

एकेक जण वाकून सदरांची नडगी दाबून बघू लागला. कुणी विचारलं, गनीची बोट परत कधी येते. अयूबनी चपला घातल्या आणि डॉक्टरांना बोलवायला ते चढ चढू लागले. त्यांना धाप लागली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "जळतोय बिचारा."