माणसं झाली, घर उरलं

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," ती सवयीने म्हणाली.

"महत्त्वाचा. त्यात त दोनदा येतो बरं का," पलीकडून आवाज आला. "लोक एकावरच भागवतात. तुमच्यासमोर छापील कागद असेल ना? बघा जरा."

तिने टेबलावर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं. "एकदाच आहे, काका."

"वाटलंच मला. बरं, बोला. काय काम काढलंत?"

"फोन तुम्ही केलाय."

"मी?" काका चपापले. "असं होय! मग थांबा हं. कशासाठी केला ते कुठंतरी लिहून ठेवलेलं असणार."

ती थांबली. शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीने नुसते ओठ हलवून विचारलं, "ऱ्हस्वदीर्घ?" तिने मान डोलावली.

हे नाव हेल्पलाइनवरच्या लोकांनीच ठेवलं होतं. म्हाताऱ्याने एका छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासली होती. आता त्याचं विसरणं वाढलं होतं. सकाळी अंघोळ झाली की नाही ते त्याला आठवत नसे, पण कुणी शब्द चुकला की कान टवकारले जात. मुलगा आणि सून कामावर गेले की अकराच्या सुमारास त्याचा फोन येई. कधी विचारायला काहीतरी असे, बहुतेकदा काहीच नसे. एक कॉल सहा मिनिटांत संपवायचा असा नियम असल्यामुळे बाकीचे त्याला टाळत आणि कॉल तिच्याकडे ढकलत. "ताईंना जमतं," म्हणत.

ताई शेचाळीस वर्षांच्या. लग्नाआधी टायपिंग शिकल्या, तोवर टाइपरायटर अडगळीत गेले. मग आठ वर्षं फोटो धुण्याच्या दुकानात काढली, तर रोलच बंद झाले. पुढे सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानात लागल्या, त्या दुकानाचं काय झालं ते सांगायला नकोच. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणे, "तू फक्त आमच्याकडे नोकरीला येऊ नकोस बाई. उद्या लोक जिने चढायला लागतील." ती सगळ्यांबरोबर हसे. हसून झाल्यावर तिला ते जरा लागेही.

आताची कंपनी पेटी विकत होती. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी घरात कुठंही ठेवून द्यायची. फोनमधले फोटो, कागदपत्रं, पत्रं सगळं तिच्यात आपोआप गोळा होई आणि जगाच्या पाठीवर कुठूनही उघडून बघता येई. सोबत गळ्यात अडकवायचं एक बटण मिळे. ते दाबून बोललं की आवाज थेट पेटीत जमा. जाहिरातीत एक तरुण बाई त्या बटणावर बाजाराची यादी सांगताना दाखवली होती. काकांनी मात्र त्यावर आपलं सगळं आयुष्य सांगायला घेतलं होतं. कोण आपलं, कोण शेजारचं, कुठली गोळी कधी, कोपऱ्यावरून घरी कसं यायचं. हे सगळं 'माणसं', 'घर', 'रस्ते', 'औषधं' अशा फोल्डरांत नीट लावलेलं होतं. काही आठवेनासं झालं की ते घरच्या संगणकावर पेटी उघडून ऐकत.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना सहसा ठाऊक नसे. पेटी घरात असली तरी तिच्या कुलपाची किल्ली कंपनीच्या मोठ्या संगणकात होती. दरवेळी उघडताना पेटी तिकडून किल्ली मागून घेई. सगळं इतक्या झटक्यात होई की कुणाच्या लक्षातही येत नसे.

एका सोमवारी सुपरवायझर मॅडमने सगळ्यांना आत बोलावलं. मॅडम ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावाने चांगली. आज ती कुणाच्या तोंडाकडे न बघता बोलत होती. कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांना पेट्या नको होत्या. सात आठवड्यांनी मोठा संगणक बंद होणार आणि त्यानंतर एकही पेटी उघडणार नव्हती. गिऱ्हाइकांना त्याच दिवशी कळवायचं होतं, आधी नाही. तोपर्यंत कुणी विचारलं तर एकच वाक्य बोलायचं. तेही छापून दिलं होतं: आपल्या फाइल सुरक्षित आहेत.

"सुरक्षितच की," चष्मेवाली म्हणाली. "कुणालाच उघडता येणार नाहीत."

कुणी हसलं नाही.

मंगळवारी तिने ते वाक्य एकोणीस जणांना ऐकवलं. एका बाईने मुलीचे जन्मापासूनचे फोटो पेटीत ठेवले होते. एकाच्या कोर्टकज्जाचे सगळे कागद होते. प्रत्येकाने "थँक यू, ताई" म्हणून फोन ठेवला. घरी आल्यावर तिने डोकं दुखतंय म्हणून जेवण टाळलं.

बुधवारी अकरा वाजता काकांनी नेमकं तेच विचारलं.

"मी त्या पेटीत बरंच काही बोलून ठेवलंय. ते राहील ना हो? माझ्या डोक्यातून चाललंय सगळं. निदान तिथं तरी राहिलं पाहिजे."

छापील वाक्य समोरच होतं. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"नाही राहणार, काका. पेटी बंद होणार आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "सरळ बोललात, बरं केलंत. मग आता काय करायचं?"

"सगळं बाहेर काढून ठेवायचं. मी सांगते तसं करायचं."

"आणि उद्या मी हे विसरलो तर?"

"उद्या परत सांगीन."

बाकीच्यांना का नाही सांगितलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही असं नाही. सगळे कॉल रेकॉर्ड होत, पण ऐकले जात त्यातले थोडेच. एकाला सांगितलेलं खपून गेलं असतं, वीस जणांना सांगितलेलं खपलं नसतं. तिच्या स्वतःच्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या हिमतीची धाव तेवढीच होती. उरलेल्यांना ती छापील वाक्य ऐकवत राहिली आणि दर वेळी आवाज थोडा खाली जात राहिला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहिला दिवस पेनड्राइव्ह शोधण्यात गेला.

"कसा दिसतो तो?"

"बोटाच्या पेराएवढा. एका बाजूला पत्र्याचं तोंड असतं."

खण उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. "शिट्टी सापडली," काका म्हणाले. "पत्र्याचीच आहे." आणि खात्री करून देण्यासाठी त्यांनी ती वाजवली. तिने हेडफोन कानावरून उचलला. आजूबाजूच्या चार खुर्च्या वळल्या.

अखेर सुनेच्या जुन्या पर्समध्ये पेनड्राइव्ह मिळाला. सहा मिनिटांचा नियम मोडून तो संगणकाला लावायला अर्धा तास लागला, कारण काका आधी उलट बाजूने घालत होते आणि मग घातला होता हेच विसरत होते. पण ओळी वाचायला ते पक्के होते. स्क्रीनवर काय लिहिलंय ते स्वल्पविरामासकट वाचून दाखवत. ती सांगे, "आता 'कॉपी' म्हणतंय तिथं दाबा." ते दाबत. रोज एक फोल्डर, त्याहून जास्त त्यांना झेपत नसे; कधी एकाला दोन-तीन दिवसही लागत. शेवटी ती सांगे, "काय झालं ते कागदावर लिहा आणि संगणकावर चिकटवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"इथं एक चिठ्ठी आहे," काका एकदा म्हणाले. "अक्षर माझंच आहे. 'माणसं झाली, घर उरलं.' हे काय हो? मी कविताबिविता करायला लागलो की काय?"

तिला एकदम हसू फुटलं, आणि मग हसू आवरता आवरता डोळे भरून आले. "नाही काका. काल 'माणसं' कॉपी झालं. आज 'घर' करायचंय."

"हात्तिच्या! ओळ बरी होती पण."

पुढच्या आठवड्यात शनिवारी मात्र फोन मुलाने केला. आवाज समंजस, थकलेला. "वडिलांना तुम्ही रोज काहीतरी सांगताय. पेटी बंद होणार म्हणे. खरं आहे का हे?"

"साहेब, तुम्ही स्वतः बसून सगळं एकदा कॉपी करून घ्या ना. तासाभराचं काम आहे."

"ते करीन हो. पण खरं आहे का? लेखी मिळेल?"

"तुम्ही कॉपी तेवढं करून घ्या, साहेब."

"ठीक आहे, मी मेल करून विचारतो," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही. बापाला रोज कुणी परकी बाई फोनवर घाबरवते म्हटल्यावर कुणीही हेच केलं असतं. त्याने मेल केला. कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी गेलं: असं काहीही ठरलेलं नाही, आपल्या फाइल सुरक्षित आहेत.

सोमवारी काकांचा सूर वेगळा होता.

"इथं भांडण लागलंय, बाई. वर मुलाच्या अक्षरात आहे, 'कुणाचं ऐकू नका, पेटी बंद होणार नाही, मी विचारलंय.' आणि खाली लिहिलंय, 'रस्ते झाले, औषधं उरली.' आता कुणाचं खरं धरायचं?"

मुलगा खोटं बोलतोय असं म्हणणं बरं दिसत नव्हतं, आणि तो खोटं बोलतही नव्हता.

"खालचं अक्षर कुणाचं आहे, काका?"

"माझं."

"मग तुम्हीच ठरवा."

"छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी," काका सावकाश म्हणाले. "मी काही उगाच लिहिणार नाही. सांगा, कुठं दाबायचं?"

औषधं त्या दिवशी झाली. मंगळवारी सकाळी ती खुर्चीत टेकते न टेकते तोच मॅडमने बोलावलं.

टेबलावर कागद तयार होता. मुलाचा मेल वरपर्यंत पोचला होता. वरच्यांनी रेकॉर्डिंग मागवली होती आणि मॅडमला रात्रभर बसून ती ऐकावी लागली होती.

"ताई, एकदा झालं असतं तर जीभ घसरली म्हणून मी निभावून नेलं असतं," मॅडम म्हणाली. "तुम्ही रोज सांगितलंत."

"ते रोज विसरायचे, मॅडम."

मॅडमने खिडकीकडे पाहिलं. "अनुभवाचा दाखला मिळणार नाही. मी बोलून बघितलं. आजच्या आज सोडायचंय. हेडफोन आणि ओळखपत्र जमा करायचं." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणखी पाच आठवड्यांनी आपण सगळेच घरी जाणार होतो, ताई. तेवढं थांबला असतात तर दाखला तरी मिळाला असता."

तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. तो काही बोलणार नव्हता. विनोदसुद्धा करणार नव्हता, आणि तेच अवघड जाणार होतं. तिने सही केली. घड्याळात अकराला पाच कमी होती.

"मॅडम, एक कॉल घेऊ द्या. शेवटचा फोल्डर राहिलाय त्यांचा."

"ताई, अहो, मी आत्ताच तुम्हाला—"

"पुन्हा कोण सांगणार त्यांना?"

मॅडम काही वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिली. मग उठली. "मला तुमच्याजवळ उभं राहावं लागेल," ती म्हणाली. "तसा नियम आहे."

अकरा वाजून सात मिनिटांनी चष्मेवालीने न बोलता कॉल ताईंकडे वळवला. तिने ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. "काका, चिठ्ठी वाचा," एवढंच म्हणाली.

"चिठ्ठी... हां. 'औषधं झाली, स्वतः उरला.'" ते घोटाळले. "स्वतः? हे काय?"

"तुमच्या फोल्डरचं नाव आहे."

"मी दिलेलं?"

"तुम्हीच. उघडा. आता डावीकडचं वरचं..." ती सांगत गेली, ते वाचत आणि दाबत गेले. एकदा चुकून सगळं मिटलं, पुन्हा उघडावं लागलं. मॅडमने दोनदा घड्याळाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. शेवटी काकांनी वाचलं, "'कॉपी पूर्ण झाली.' वाक्य बरोबर आहे."

"आता पेनड्राइव्हमधली कुठलीही एक फाइल लावून बघा. ऐकू येते का बघू."

खट्ट झालं. थोडी खरखर, आणि मग फोनवर लांबून एक आवाज येऊ लागला. शांत, ठाशीव, शब्द न् शब्द सुटा.

"सकाळी जाग आल्यावर घाबरायचं नाही. खोली ओळखीची वाटली नाही तरी ती आपलीच आहे. खिडकीपाशी चष्मा आहे. सूनबाई चहा झाकून ठेवून जाते, तो आपल्यासाठीच असतो, प्यायचा. मुलगा कधी चिडला तर मनावर घ्यायचं नाही. तो दमतो. लहानपणी तो आपल्या पायावर बसून झुलायचा, हे त्याच्या लक्षात नसेल, आपण ठेवायचं..."

काका एकाग्र होऊन ऐकत होते. मग फोन तोंडाजवळ घेऊन हळू आवाजात, त्या माणसाला व्यत्यय नको अशा बेताने त्यांनी विचारलं, "कोण हो हे गृहस्थ?"

मॅडम दुसरीकडे बघत होती.

"ओळखीचे आहेत तुमच्या," ती म्हणाली.

"असतील. बोलणं स्वच्छ आहे. एकही चूक नाही," काका म्हणाले. "आणखी थोडं ऐकू का? तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही, काका. ऐका तुम्ही."

मॅडमने बाजूची खुर्ची ओढली आणि बसली. फोनमधला आवाज पुढे सांगत राहिला, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते.